टांड्याच्या घाटातली शपथ

वन्सं, तुमच्या दहाव्याच्या दिवशी नदीवरून परत आल्यावर यांनी मला विचारलं, "ताई तुला कधी काही म्हणाली होती का गं? छातीचं वगैरे?"

मी ताटं उचलत होते. "नाही," मी म्हटलं. "मला तर कधीच काही बोलल्या नाहीत."

हे मान हलवून आत गेले. मी ताटं ओट्यावर ठेवली आणि नळ उगाच सोडून ठेवला. तुमचा भाऊ, तुमचा बाळू. तीस वर्षांत मी त्यांच्याशी इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते. आणि तेही तुमच्यासाठी, तुम्ही नसताना.

त्या दिवसापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय. पोळ्या लाटताना, आंघोळीला गेल्यावर, देवासच्या बाजारात भाजी घेताना. भाजीवाल्याने परवा विचारलं, "भाभीजी, किससे बात कर रही हो?" म्हणून ठरवलं, लिहूनच काढावं.

आजकाल नणंदेला कोणी वन्सं म्हणत नाही. आमची मुलगी पुण्याहून आली की हसते, म्हणते तुम्ही देवास-धारचे लोक म्युझियममधलं मराठी बोलता. पण लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, ह्या वन्सं, आणि मी म्हणायला लागले. तुम्ही तेव्हा धारला मुलींच्या शाळेत पीटी मॅडम होतात, एकट्या राहत होतात. गळ्यात शिट्टी अडकवूनच माझ्या लग्नाला आला होतात म्हणे, सासूबाईंनी ती मांडवात काढून घेतली. मला तुमची भीती वाटायची. तशी मला सगळ्याचीच वाटायची.

ती भीती पुढे किती वाढली हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. माझी आई गेली आणि मुलगी शिकायला बाहेर पडली, त्या वर्षी माझं घराबाहेर जाणं बंद झालं. चौकापर्यंत गेले तरी छाती धडधडायची, हातापायांना मुंग्या यायच्या, वाटायचं आता इथेच पडणार. डॉक्टर म्हणाले, हृदयाला काही नाही, मनाचं आहे. हे बिचारे मला सगळीकडे स्कूटरवर मागे बसवून न्यायचे. तुम्ही रिटायर झालात, देवासला आमच्याकडे राहायला आलात, दोन दिवस माझ्याकडे नुसतं बघत राहिलात. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात दोन सायकली उभ्या. एक तुमची, धारहून बसच्या टपावर टाकून आणलेली. दुसरी मागच्या गल्लीतून भाड्याने.

"मला येत नाही," मी म्हटलं.

"खोटं. शाळेत जायचीस तू सायकलने. बाळूने सांगितलंय."

"पस्तीस वर्षं झाली त्याला!"

"चल, नाटक मत कर," तुम्ही म्हणालात. रागावलात की तुम्ही हिंदीत जायचात, शाळेची सवय. "टेकडीला एक चक्कर. मी पुढे राहते. तू फक्त माझ्या पाठीकडे बघ. रस्त्याकडे मी बघते."

टेकडीला त्या दिवशी एक फेरी झाली. घरी येऊन मी पायरीवर बसून रडले आणि तुम्ही शेजारी बसून शेव-परमलचे कुरमुरे खाल्लेत, समजावलं वगैरे काही नाही. पंधरा दिवसांनी आपण क्षिप्रेच्या पुलापर्यंत गेलो. वर्षभरात पार पीपलरावां गावापर्यंत. तिथे शेताच्या कडेला पाणी प्यायला थांबलो तर एक म्हातारबाबा हातातली काठी टेकत जवळ आले. "ओ बेनजी, कां जई रिया हो?" तुम्ही म्हणालात, "बस यहीं तक, बाबा." त्यांना काही हे पटेना. दोन बायका, दोघींच्या डोक्यावर हेल्मेट, देवासहून सायकलवर इथपर्यंत आल्या आणि काम काहीच नाही? त्यांनी आपल्याला हरभऱ्याचे डहाळे दिले, आणि जाताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरी भांडण तर नाही ना झालं. परतीच्या रस्त्यावर तुम्ही इतक्या हसलात की हॅन्डल सोडून देऊन उभ्याच राहिलात.

मग तुम्ही धारला परत गेलात तरी ठरवून भेटायचो; मोठ्या फेऱ्या सुरू झाल्या आणि आपली भांडणंही. मला आधी सगळं माहीत असावं लागायचं. कुठे चढ, कुठे पंक्चरवाला, कुठे पाणी, कुठल्या गावात दवाखाना, अंधार किती वाजता पडतो. मी वहीत एकेक पान भरायची. ब्रेकचे रबर, दोन ट्यूब, पंप, चेनचं तेल, सगळ्याची यादी. तुम्हाला मात्र घाट हवे असायचे. चढ दिसला की तुमचा चेहरा उजळायचा. "सपाट रस्ता काय, कोणीही जातं," म्हणायचात. मी नकाशावर बोट ठेवून सांगायची की इकडून गेलं तर चढ टळतो, आणि तुम्ही माझं बोट उचलून बरोब्बर चढावर ठेवायचात.

बागला जायचं तुमच्याच हट्टाने ठरलं. लेणी मी पाहिली नव्हती, आणि तुम्हाला तिथल्या छपाईच्या चादरी घ्यायच्या होत्या, बाळूसाठी एक, माझ्यासाठी एक. धारहून सरदारपूर, मग टांडा, मग घाट उतरून बाग. जाताना सगळं छान झालं. उतारावर तुम्ही पाय पसरून सायकल सोडलीत, लहान मुलीसारख्या. मी दोन्ही ब्रेक दाबून मागे. वाघिणी नदीच्या पाण्यात धुतलेली कापडं दगडांवर वाळत होती, लाल-काळी. तुम्ही ते पाहत किती वेळ उभ्या होतात.

दुसऱ्या दिवशी परत येताना टांड्याचा घाट चढताना तुम्ही थांबलात.

तुम्ही कधीच थांबत नव्हतात, वन्सं. म्हणून मला आधी वाटलं, चेन उतरली. मी जवळ आले तर तुम्ही सायकल आडवी टाकून दगडावर बसल्या होतात. चेहरा राखेसारखा. कपाळावर, गळ्यावर घाम, आणि हवा तर गार होती. डावा हात तुम्ही उजव्या हाताने धरून ठेवला होता.

"काय होतंय?"

"गॅस. सकाळी कचोरी खाल्ली ना."

"जबडा का दाबताय?"

"दाढ ठणकतेय."

मी माझी वही काढली. दवाखान्याचं पान. फोनला रेंज नव्हती. त्या क्षणी मला पक्कं कळलं होतं, आणि तुम्हालाही कळलं होतं की मला कळलंय. गंमत म्हणजे मला चक्कर आली नाही, मुंग्या आल्या नाहीत. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि पहिला दिसलेला पिकअप हात करून थांबवला. कापसाची पोती होती. ड्रायव्हरने दोन्ही सायकली पोत्यांवर चढवल्या, तुम्हाला पुढे बसवलं. सरदारपूर येईपर्यंत तुमचा रंग परत आला होता, आणि तुम्ही त्याच्याशी मंडईतल्या कापसाच्या भावाबद्दल बोलत होतात.

उतरल्यावर मी म्हटलं, "आत्ता यांना फोन करते."

तुम्ही माझं मनगट धरलंत. पीटी मॅडमची पकड. "बाळूला सांगायचं नाही. तो मला पुन्हा घराबाहेर पडू देणार नाही. माझी शपथ आहे तुला."

"मग डॉक्टरला दाखवा."

"दाखवते."

"कधी?"

"या आठवड्यात. आता तूही शपथ घे."

मी घेतली.

पाच दिवसांनी तुमचा फोन आला. "दाखवलं. सगळं ठीक आहे. सांगितलं ना गॅस होता." मी "बरं झालं" म्हटलं. कागद दाखवा म्हटलं नाही. कुठल्या डॉक्टरला दाखवलं ते विचारलं नाही. मी, जी ट्यूबच्या व्हॉल्व्हचा नंबर वहीत लिहून ठेवते! हे मी का केलं याचं उत्तर तुम्ही गेल्यापासून शोधतेय, आणि ते काही चांगलं नाही. मला विचारायचंच नव्हतं. कागदावर काही वाईट निघालं असतं तर आपलं फिरणं संपलं असतं. त्या रस्त्यांवर मी कोणाची बायको, आई, घाबरट सून नव्हते. मला ते सोडायचं नव्हतं. मी तुमची शपथ पाळली, पण स्वतःसाठी पाळली.

त्यानंतर वर्षभर सगळं मला हवं तसं व्हायला लागलं. तुम्ही घाट मागेनाशा झालात. मी सपाट रस्ता काढला की "हो, हाच बरा" म्हणायचात. दर तासाला थांबू म्हटलं तर थांबायचात. मला वाटलं, इतक्या वर्षांनी वाद मी जिंकला. लोहारद्याच्या फेरीत तर तुम्ही स्वतःहून म्हणालात की जाताना घाट उतरू, येताना चढायचा नाही, मिळेल त्या गाडीने येऊ. आणि नेमकं त्याच दिवशी यांचं जवळच कन्नौदला काहीतरी काम निघालं, हे गाडी घेऊन लोहारद्याला आले, मागे सायकली बांधायची पट्टीसुद्धा घेऊन. मी तेव्हा चिडले होते. यांचे फोनही फार वाढले होते. "पोचलात? पाणी प्यालात? ताई कुठे आहे? तिला दे." मी म्हटलं, आम्ही काय शाळेची सहल आहोत?

आपलं शेवटचं बोलणं भांडणाचंच झालं. पुढच्या फेरीचं ठरत होतं. तुम्ही म्हणालात, "या वेळी तू पुढे राहा. मी मागून येते."

"मी कशाला? मला नाही जमत पुढे."

"जमेल."

"वन्सं, उगाच काहीतरी नका काढू. मी पुढे असले की मला मागचा प्रत्येक ट्रक आपल्यावर येतोय असं वाटतं."

"किती दिवस माझ्या पाठीकडे बघून चालवणार आहेस तू?"

मला ते लागलं. "मग जाऊच नका माझ्याबरोबर," म्हणून मी फोन ठेवला. आठवडाभर मी केला नाही, तुम्हीही केला नाही. मग एका सकाळी धारहून तुमच्या शेजारच्या मिश्राजींचा फोन आला. दूधवाला दार वाजवत होता आणि तुम्ही उघडत नव्हता.

तेरावा झाला आणि मागच्या आठवड्यात आम्ही दोघं तुमचं घर आवरायला धारला गेलो. मी स्वयंपाकघर घेतलं, हे तुमच्या खोलीत. सायकल पलंगाशेजारी भिंतीला टेकून होती, टायरमध्ये हवा भरलेली. थोड्या वेळाने आतला आवाज बंद झाला म्हणून मी डोकावले. तुमच्या हॅन्डलची पुढची पिशवी यांच्या मांडीवर होती, आणि हातात एक लहानशी बाटली. गोळ्या होत्या त्यात. हे त्या बाटलीकडे बघत होते.

तीच धडधड, तेच मुंग्या येणं, कितीतरी वर्षांनी. वाटलं, आता विचारतील, आणि मी पुन्हा नाही म्हणेन. दुसऱ्यांदा नाही म्हटलं की मग मी जन्मभर नाहीच म्हणत राहीन. मी दाराची चौकट धरली.

"मी तुमच्याशी खोटं बोलले," मी म्हटलं. "वन्संना त्रास झाला होता. बागहून येताना, घाटात. हात धरला होता, घाम आला होता. त्यांनी मला शपथ घातली आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. गेल्या वर्षीची गोष्ट आहे. मी सांगितलं असतं तर..."

"माहीत आहे मला," हे म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"सगळंच. पिकअप, कापसाची पोती." यांनी वर पाहिलं नाही. "तुम्ही आलात त्याच आठवड्यात तिने मला बोलावून घेतलं. इथल्या डॉक्टरने इंदूरला जा सांगितलं होतं, आणि सोबत कोणीतरी पाहिजे होतं. मीच घेऊन गेलो. या गोळ्या तेव्हाच्या. जिभेखाली ठेवायच्या. डॉक्टर म्हणाले, औषधं घ्या, सपाट रस्त्यावर हळूहळू चालवा, चढ अजिबात नाही."

मी खाली फरशीवर बसले.

"मग मला दहाव्याला का विचारलंत?"

"तुला कळलंय का ते बघत होतो." यांनी बाटली पिशवीत ठेवली. "तिने मला शपथ घातली होती, सुनंदाला सांगू नकोस. म्हणाली, तिला कळलं तर ती पुन्हा हॅन्डलला हात लावणार नाही. परत घरात बसेल. माझं काय व्हायचं ते होईल, पण तिला परत आत जाऊ द्यायचं नाही."

वन्सं, खरं सांगू? मला आधी रडू आलं नाही. राग आला. इतका राग की मी तुमच्या रिकाम्या पलंगाकडे बघून ओरडले. "मला गोळी कुठे आहे तेसुद्धा माहीत नव्हतं! मी त्यांच्या मागे दहा हातांवर होते. रस्त्यात काही झालं असतं तर मी पंक्चरचं किट उघडून बसले असते, आणि गोळी त्यांच्या पुढच्या पिशवीत!"

"म्हणून तर मी फोन करायचो," हे म्हणाले. "दर तासाला जीव वर-खाली व्हायचा माझा. तू चिडायचीस. तुला सांगताही येत नव्हतं."

"आणि लोहारदा?"

"कसलं कन्नौद आणि कसलं काम! घाटाच्या वर दोन तास गाडी लावून बसलो होतो."

हे पलंगाच्या कडेला, मी फरशीवर. एका घरात राहून, एका ताटातलं जेवून, वर्षभर एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. दोघांनाही वाटत होतं की मी एकटाच, मी एकटीच. तुम्ही दोघांनाही सांभाळलंत आणि दोघांनाही एकटं पाडलंत. हे तुम्हाला कसं जमलं? आणि का? मला खरंच इतकी कच्ची समजत होता तुम्ही? घाटात मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले होते, ते पाहिलं नव्हतंत का?

की पाहिलं होतंत, आणि म्हणूनच म्हणालात, या वेळी तू पुढे राहा?

विचारायला तुम्ही नाही. आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलं असतं तर तुम्ही आज असतात का, हेही कधी कळणार नाही. हे म्हणतात, डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगितली होती आणि तुम्ही ती ढकलत होता. मला माहीत असतं तर कागद धरून मागे लागले असते. माझ्या वहीत तारीख लिहिली असती. मग तुम्ही माझ्यावर ओरडला असतात, हिंदीत, आणि तपासणीला गेला असतात. बहुतेक गेला असतात. या "बहुतेक"वर मी पहाटेपासून अडकलेली असते.

पण एक मात्र आहे. तुम्ही मला ज्या घरातून बाहेर काढलंत, तिथे मी परत गेले नाही. आज सकाळी मी एकटीने सायकल काढली. फार नाही, भोपाळ रस्त्याच्या चौकापर्यंत. पुढे कोणाचीच पाठ नव्हती. रस्ता एकदम मोठा, उघडा वाटला. मागून ट्रक आला तेव्हा खांदे आपोआप वर झाले. चौकात पोचले आणि पुढे जाववेना. उतरले, पाणी प्याले, सायकल वळवली आणि परत आले. ते शौर्य नव्हतं, वन्सं. मी घाबरले.

हे फाटकात उभे होते. "कुठपर्यंत गेलीस?"

पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, पुलापर्यंत. "चौकापर्यंतच," मी म्हटलं. "पुढे जायला भीती वाटली."

यांनी सायकल माझ्या हातातून घेतली, भिंतीला लावली, स्टँड दोनदा तपासला. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "मलाही एक सांगायचंय. जिना चढताना छातीत भरून येतं हल्ली."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. ताईसारखंच असेल असं वाटलं, म्हणून... नाही बोललो."

दिवाळी होऊन किती महिने झाले ते मोजायचं धाडस झालं नाही. मी ओरडले नाही. आत येऊन फोन लावला, इंदूरच्या त्याच डॉक्टरांकडे ज्यांच्याकडे हे तुम्हाला घेऊन गेले होते, आणि उद्या सकाळचा नंबर घेतला. मग मुलीला पुण्याला फोन करून सगळं सांगितलं, तुमचं आणि यांचंही. हे शेजारी बसून ऐकत होते. अडवलं नाही.

उद्या काय निघेल माहीत नाही. मला भीती वाटतेय, ती पूर्वीसारखी उगाचची नाही, खरीखुरी आहे. दुपारी जेवण झाल्यावर हे आडवे झाले. मी विचारलं, नक्की कुठे भरून येतं? यांनी आधी "असंच, इकडे कुठेतरी" म्हटलं. मग थोडं थांबून स्वतःच सदऱ्याची दोन बटणं काढली, माझा हात धरला आणि नेऊन तिथे ठेवला.

मी तो काढला नाही. यांना झोप लागली तरी मी तशीच बसून होते.